अवमान कुणाचा, शिक्षा कुणाला

एडिंबरा शहरात १६९६ साली एका गार रात्री काही विद्यार्थी ट्रॉन चर्चवरून चालले होते. त्यांतला थॉमस एकनहेड कुडकुडत म्हणाला, यापेक्षा नरकात असतो तर बरं झालं असतं, निदान ऊब तरी मिळाली असती. या पोराच्या जिभेला हाड नव्हतं. मोशे आणि येशू दोघेही इजिप्तमध्ये जादू शिकून आले, त्रैक्य ही कल्पनाच मुळात अडाणीपणाची, अशी मुक्ताफळं तो मित्रांपुढे उधळत असे. त्याच मित्रांनी पुढे न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्षी दिल्या. स्कॉटलंडच्या देवनिंदेविरुद्धच्या १६९५ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कैद आणि गोणपाट नेसून चर्चमध्ये माफी मागण्याची शिक्षा होती. मृत्यूची पाळी तिसऱ्या गुन्ह्याला यायची. पण सरकारी वकिलानं १६६१ चा जुना, अधिक कडक कायदाही जोडीला घेतला आणि फाशी मागितली. एकनहेडनं आपले शब्द मागे घेतले, कोवळ्या वयाकडे बघा म्हणून अर्ज केला. शासनसभेनं सांगितलं, चर्चनं रदबदली केली तर विचार करू. चर्चच्या महासभेनं रदबदली केली नाहीच, उलट देशात माजलेल्या नास्तिकपणाविरुद्ध कायदे नेटानं चालवावेत असा आग्रह धरला. ८ जानेवारी १६९७ रोजी एडिंबरा आणि लीथ यांच्यामधल्या रस्त्यावर त्याला फासावर चढवण्यात आलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. देवनिंदेच्या आरोपावरून ब्रिटनमध्ये दिलेली ही शेवटची फाशी.

ज्यांनी हे केलं ती माणसं काही राक्षस नव्हती. त्यांच्यापुढे बायबल होतं, आणि बायबलात लेवीय नावाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय होता. तिथे छावणीत दोन माणसांची मारामारी होते. त्यातला एक इस्राएली आईचा आणि इजिप्शियन बापाचा मुलगा. भांडणाच्या भरात तो देवाच्या नावाला शिव्याशाप देतो. लोक त्याला अटकेत ठेवतात, कारण काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. मग आज्ञा येते: ज्यांनी ते शब्द ऐकले त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवावेत आणि सगळ्या मंडळीनं त्याला छावणीबाहेर नेऊन दगडांनी मारावं. त्याच्या आईचं नाव नोंदलेलं आहे, शलोमीथ. त्याचं स्वतःचं नाव नाही. आईबापांपैकी एक परका असलेला, भांडणात सापडलेला हा माणूस पुढच्या कित्येक शतकांतल्या खटल्यांचा नमुना ठरला.

मात्र तेवढ्या एका अध्यायावर थांबलं, तर देवाविषयीच्या अनादराबद्दल ख्रिस्ती शिकवण काय सांगते याचं चित्र अर्धवट राहतं. खरं तर उलटं उमटतं. बायबलात अनादराबद्दल देवाचा कोप ओढवून घेणाऱ्यांची यादी करायला बसलं, की लक्षात येतं ते असं: त्यात बाहेरचे, नास्तिक, टवाळखोर फार थोडे आहेत. बहुतेक सगळे वेदीजवळचे आहेत. याजक आहेत, याजकांची मुलं आहेत, कराराचा कोश, म्हणजे देवाची पवित्र पेटी, वाहणारे आहेत, प्रभुभोजनाला बसलेले आहेत.

शिलो इथल्या मंदिरातला प्रसंग बारकाईनं वाचण्यासारखा आहे. एली हा म्हातारा याजक. हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे. कुणी यज्ञबली घेऊन आला आणि मांस शिजायला लागलं, की याजकाचा चाकर तीन काट्यांचा मोठा काटा घेऊन हजर. हंडा असो, कढई असो, तो काटा आत खुपसायचा आणि जेवढं वर येईल तेवढं याजकाचं. पुढे पुढे तेवढ्यावरही भागेना. चरबी वेदीवर जाळून देवाचा वाटा देण्याच्या आतच चाकर येऊन म्हणे, शिजलेलं नको, कच्चंच दे, भाजायला हवं. भक्त गयावया करी, आधी चरबी तर जळू दे, मग हवं तेवढं ने. उत्तर ठरलेलं: आत्ता दे, नाहीतर हिसकावून घेतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा लेखक याला देवाच्या अर्पणाचा तिरस्कार म्हणतो. तोंडातून एकही वाईट शब्द निघालेला नाही. देवाचं नाव तर ही मंडळी रोज घेत होती. शेवटी दोघेही एकाच दिवशी लढाईत पडले, कोश शत्रूच्या हाती गेला, आणि कोश गेल्याचं ऐकून अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळला, मान मोडून मेला. मुलांना त्यानं बोल लावले होते, पण आवरलं नव्हतं. कोणत्याही देवस्थानाचा कारभार जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला तो तीन काट्यांचा काटा ओळखीचा वाटला, तर त्यात नवल नाही.

नादाब आणि अबीहू हे अहरोनाचे मुलगे, म्हणजे पहिल्या मुख्य याजकाचे. त्यांनी न सांगितलेला अग्नी धुपाटण्यात घालून देवापुढे नेला आणि देवासमोरून निघालेल्या अग्नीत ते संपले. उज्जाची गोष्ट अधिक अवघड आहे. दाविदाच्या काळात कराराचा कोश गाडीवरून यरुशलेमकडे चालला होता, बैल अडखळले, कोश कलंडेल म्हणून उज्जानं हात लावला आणि तो जागीच मेला. हेतू चांगला, शिक्षा मरणाची. भाष्यकार सांगतात की कोश दांड्यांवर घालून लेवी कुळातल्या सेवकांनी खांद्यावरून न्यायचा होता, गाडी मुळातच चुकीची होती. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दाविदाच्या तोंडी काहीसं असंच स्पष्टीकरण आहे. तरीही वाचणाऱ्याचं समाधान होत नाही. दाविदाचंही झालं नव्हतं. तो आधी रागावला, मग घाबरला, आणि तीन महिने त्यानं कोश ओबेद-अदोमाच्या घरी ठेवून दिला. देवाच्या शिक्षेवर देवाचा लाडका राजा रागावतो आणि धर्मग्रंथ ते लपवत नाही, ही गोष्ट अनादराबद्दल तावातावानं बोलणारे प्रवचनकार सहसा गाळतात.

मलाखी संदेष्ट्याचा सूर वेगळा, जवळजवळ उपरोधाचा. आंधळी, लंगडी, आजारी जनावरं बघून बघून वेदीवर आणणाऱ्या याजकांना तो विचारतो, हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नजर करून बघा, तो खूश होईल का? बाबेलचा राजा बेलशस्सर हा या यादीतला ठळक परका. यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पेल्यांत त्यानं मेजवानीची दारू ओतली, भिंतीवर हात उमटला आणि त्याच रात्री राजा मारला गेला. चित्रकारांना हा प्रसंग फार आवडला. रेम्ब्रांटनं रंगवलेला राजा तर दचकून उठताना शेजारचा पेला कलंडवतो. पण प्रसंग जितका नाट्यमय, तितका तो अपवादाचा.

याच बायबलात आणखी एक गोष्ट आहे, आणि देवनिंदेचा कायदा करणाऱ्या प्रत्येकानं ती आधी वाचायला हवी होती. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. नाबोथ वडिलोपार्जित जमीन विकेना. राजा रुसून, तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलनं सूत्रं हाती घेतली. तिनं गावच्या वडीलधाऱ्यांना राजाच्या मोहरेची पत्रं पाठवली: उपास जाहीर करा, नाबोथाला मानानं पुढे बसवा, आणि समोर दोन नालायक माणसं बसवून त्यांच्याकडून वदवा की यानं देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. साक्षीदार दोन हवेत, कारण नियमशास्त्र दोन मागतं. सगळं नियमानुसार पार पडलं. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं आणि मळा राजाकडे गेला. एलीया संदेष्टा राजाला गाठतो तो त्या मळ्यातच, आणि शाप मिळतो तो आरोप करवणाऱ्यांना.

नव्या करारात हा धागा थेट मध्यभागी येतो. येशूवर यहुदी न्यायसभेत जो आरोप सिद्ध झाल्याचं शुभवर्तमानकार मार्क सांगतो, तो देवनिंदेचाच. मुख्य याजक स्वतःचे कपडे फाडतो आणि विचारतो, आता साक्षीदारांची गरजच काय? तोवर आलेल्या साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते, हेही मार्क नोंदवतो. त्यानंतर स्तेफन: पुन्हा पढवलेले साक्षीदार, पुन्हा देव आणि मोशे यांच्या निंदेचा आरोप, पुन्हा शहराबाहेर दगड. मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा असलेला शौल नावाचा तरुण पुढे पौल झाला आणि आपण स्वतःच पूर्वी देवनिंदक होतो असं लिहून गेला. ज्या धर्माचा प्रभू, पहिला हुतात्मा आणि सर्वांत मोठा प्रचारक अशा तिघांनाही हा शब्द चिकटला, त्या धर्माच्या हाती सत्ता आल्यावर तो शब्द इतक्या सहज दुसऱ्यांना लावला जावा, ही या विषयातली खरी गाठ आहे.

नव्या करारातही शिक्षा आधी घरातल्यांनाच होते. जमीन विकून आलेल्या पैशांतले काही लपवून सगळे दिल्याचा आव आणणारे हनन्या आणि सप्पीरा मंडळीतलेच. करिंथमध्ये प्रभुभोजनाला पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यांना सुनावतो की भाकर आणि प्याल्याचा असा अवमान केल्यामुळेच तुमच्यात पुष्कळ जण दुबळे, आजारी आहेत आणि काही तर मेलेही. कॅथलिक मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी पापनिवेदनावर आणि प्रोटेस्टंट उपासनेत आत्मपरीक्षणावर जो भर असतो, त्यामागे हाच अध्याय आहे.

आणि मग ते वाक्य, ज्यानं असंख्य श्रद्धावंतांची झोप उडवली. सगळ्या पापांची, सगळ्या दुर्भाषणांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची कधीच होणार नाही, असं येशूनं सांगितल्याचं मार्क, मत्तय आणि लूक तिघेही नोंदवतात. हे पाप नेमकं कोणतं? मार्कनं संदर्भ दिला आहे: येशू भुतं काढतो ती सैतानाच्या बळावर, असं शास्त्री म्हणत होते. डोळ्यांदेखत चाललेल्या चांगल्याला जाणूनबुजून वाईट म्हणणं, असा त्याचा अर्थ निघतो. ऑगस्टीननं वेगळी दिशा दिली: मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणं हेच ते पाप, कारण क्षमा मागितलीच नाही तर ती मिळणार कशी? कॅथलिक शिकवण मोठ्या प्रमाणात त्याच वाटेनं गेली. पण ही उत्तरं विद्वानांची. बेडफर्डचा भांडी-दुरुस्ती करणारा जॉन बन्यन, जो पुढे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा लेखक म्हणून जगभर गाजला, त्यानं १६६६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात स्वतःचा छळ लिहिला आहे: ‘विकून टाक त्याला’ हा ख्रिस्ताबद्दलचा एकच विचार दिवसरात्र मनात घुमायचा, जेवताना, लाकूड तोडताना, आणि एका क्षणी आपण मनातल्या मनात होकार दिला असं वाटून तो कित्येक महिने स्वतःला कायमचा बुडालेला समजत होता. आजचा मानसोपचारतज्ज्ञ याला कदाचित दुसरं नाव देईल. धर्मगुरूंचं पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर मात्र साधं आहे: ज्याला हे पाप घडल्याची भीती वाटते, त्याच्या हातून ते घडलेलं नसतं. या शिकवणीचे परिणाम म्हटले की डोळ्यांपुढे सरण आणि फास येतात. अशा एकट्यानं सोसलेल्या रात्री कुणी मोजत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं तर तुलनाच मांडली: कुणाविरुद्ध हे पाहिलं तर देवनिंदा खुनापेक्षा मोठं पाप, पण इजा किती होते हे पाहिलं तर खून मोठा, कारण देवनिंदेनं देवाला काही इजा होत नाही. हे दुसरं अर्धं वाक्य राजांच्या कानापर्यंत फारसं पोचलं नाही.

राजांचा हिशेब वेगळाच होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं कायद्यातच लिहून टाकलं की असल्या अपराधांमुळे दुष्काळ, भूकंप आणि साथी येतात. म्हणजे एकाच्या तोंडाळपणाची किंमत सबंध शहर मोजणार. एकदा हे मान्य केलं की देवनिंदकाला शिक्षा करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम होऊन बसतं. फ्रान्सचा नववा लुई, जो पुढे संत ठरला, यानं पॅरिसमधल्या एका नागरिकाचं नाक आणि ओठ डागवले. सिझेरियात एका सोनाराला त्यानं नुसत्या आतल्या कपड्यांत शिडीवर उभं केलं आणि त्याच्या गळ्यात डुकराची आतडी नाकापर्यंत गुंडाळली. हे सांगणारा जॉइनव्हिल राजाचा चाहता आहे, टीकाकार नव्हे. राज्यातून देवाच्या नावाच्या असल्या अभद्र शपथा हद्दपार होणार असतील तर आपण स्वतः डागून घ्यायला तयार आहोत, असं राजा म्हणाल्याचंही तोच सांगतो. शेवटी पोप चौथ्या क्लेमेंटलाच कळवावं लागलं की शिक्षा करा, पण अवयव तोडू नका आणि जीव घेऊ नका.

चर्च नेहमी कठोर आणि दरबार नेहमी उदार, असं सरळ चित्र इथे मिळत नाही. १७६५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आबव्हिल गावी पुलावरच्या क्रूसमूर्तीवर कुणीतरी वार केले. कुणी केले ते सिद्ध झालंच नाही. मग गावातल्या टवाळ पोरांची झडती सुरू झाली. शेव्हालिए द ला बार या तरुणानं मिरवणूक जाताना टोपी काढली नव्हती, तो अश्लील गाणी म्हणायचा, त्याच्या खोलीत व्हॉल्तेअरचा तत्त्वज्ञानकोश सापडला. अॅमिअँच्या बिशपांनी प्रायश्चित्ताचा मोठा विधी केला, पण शिक्षा झाल्यावर राजाकडे दयेची याचनाही त्यांनीच केली. पॅरिसच्या पार्लमेंटनं शिक्षा कायम केली, पंधराव्या लुईनं दया नाकारली. १ जुलै १७६६ रोजी ला बारचा शिरच्छेद झाला आणि धडाबरोबर तो कोशही जाळण्यात आला. व्हॉल्तेअरच्या म्हणण्यानुसार या सगळ्यामागे एका स्थानिक अधिकाऱ्याचं ला बारच्या नात्यातल्या मठाधिकारी बाईशी असलेलं वैर होतं. नाबोथाचा मळा प्रत्येक खटल्यात सापडतो असं नाही, पण शोधून पाहायला हरकत नसते.

आपल्या किनाऱ्यावरही तो सापडतो. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणमध्ये राहत होता. बाप्तिस्म्यावर त्यानं एका पाद्रीशी वाद घातला. दानपेटीवरच्या पवित्र चित्राचं चुंबन घेण्याची तिथली रीत तो पाळत नसे. १६७३ मध्ये त्याला पकडलं, वाटेत वसईच्या तुरुंगात ठेवलं आणि गोव्याच्या धर्मन्यायालयापुढे उभं केलं. तिथली रीत अशी, की आरोप काय आहे ते सांगायचं नाही आणि आरोप करणारा कोण तेही नाही. कैद्यानंच आठवून आठवून कबूल करायचं. दोन वर्षं त्यानं अंधारकोठडीत काढली, आत्महत्येचे प्रयत्न केले. १६७६ च्या जानेवारीत जाहीर मिरवणुकीतून नेऊन त्याला पाच वर्षं गलबतावरच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. सुटून मायदेशी गेल्यावर त्यानं १६८७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचं नाव युरोपभर झालं. आपल्या अटकेचं मूळ दमणच्या सुभेदाराच्या मत्सरात होतं, दोघांचं लक्ष एकाच बाईकडे होतं, असं देलों स्वतः लिहितो. १५६० मध्ये सुरू झालेलं हे न्यायालय मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याच गोव्यात देलोंच्या आधी थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. एकाच भूमीवर एकाच धर्माचे हे दोन चेहरे. मराठी वाचकाला त्यांपैकी पहिला ठाऊक असतो, दुसरा अभ्यासक्रमापुरता.

पुढे हळूहळू गुन्ह्याचा गाभाच बदलला. इंग्लंडमध्ये १६७६ साली मॅथ्यू हेल या न्यायाधीशानं ख्रिस्ती धर्म हा देशाच्या कायद्याचाच भाग आहे असं ठरवलं होतं. देवनिंदेच्या याच गुन्ह्याखाली १९२१ मध्ये जॉन गॉट नावाच्या पँटविक्याला नऊ महिने सक्तमजुरी झाली, कारण त्यानं यरुशलेमात शिरणाऱ्या येशूला सर्कशीतल्या विदूषकाची उपमा दिली होती. १९७७ मध्ये ‘गे न्यूज’ या नियतकालिकाला एका कवितेवरून ज्यूरीनं दहा विरुद्ध दोन मतांनी दोषी धरलं. ‘सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीवरून मुस्लिम फिर्यादी न्यायालयात गेले तेव्हा त्यांना उत्तर मिळालं की हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचं रक्षण करतो. मग तो टिकणं कठीण होतं. २००८ मध्ये रद्द झाला. आयर्लंडमध्ये २०१८ च्या सार्वमताआधी कॅथलिक बिशपांनीच म्हटलं होतं, की संविधानातला हा उल्लेख बराचसा कालबाह्य आहे आणि इतरत्र अशा तरतुदी अल्पसंख्याकांच्या छळाला वापरल्या जातात.

भारतात मेकॉलेनं १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यात देवाच्या अपमानाचा गुन्हाच ठेवला नाही. ठेवला तो माणसांच्या धर्मभावना दुखावण्याचा, आणि सगळ्या धर्मांसाठी सारखा. १९२७ मध्ये दंडसंहितेत कलम २९५-अ ची भर पडली. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या वेलंकनी चर्चच्या क्रूसमूर्तीतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून केशाकर्षणानं चढतं असं सांगितलं. काही कॅथलिक संघटनांनी त्यांच्याविरुद्ध याच कलमाखाली तक्रारी केल्या, आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. इथे देवाचा अवमान झाला की नाही हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच. कुणाला तरी वाईट वाटलं, तक्रारीला एवढं पुरेसं होतं.

त्याच दंडसंहितेची पाकिस्तानातली प्रत १९८० च्या दशकात अधिक कडक झाली, आणि तिथे ख्रिस्ती माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आला. जून २००९ मध्ये पंजाबातल्या शेखूपुरा जिल्ह्यात शेतात फालसे तोडणाऱ्या बायकांमध्ये पाण्यावरून भांडण झालं. आसिया बीबीनं आणलेलं पाणी ती ख्रिस्ती म्हणून इतरांनी प्यायला नकार दिला, शब्दाला शब्द वाढला, आणि काही दिवसांनी तिच्यावर पैगंबरांच्या निंदेचा आरोप आला. २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी या दोघांचीही २०११ मध्ये हत्या झाली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं. निकालपत्रात न्यायाधीशांनी बराच भर दिला तो तिच्याविरुद्ध बोललेल्या दोन बहिणींच्या साक्षींवर. त्यांचे जबाब एकमेकींशी आणि इतरांच्या जबाबांशी जुळत नव्हते.